चुकीची दचक

कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची पदवी मिळवायला काय काय लागतं, याचा तक्ता कासेवाडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात ऑफिसबाहेर भिंतीवर लावलेला होता. आठ सत्रं, एकशे साठ क्रेडिट, सहा महिन्यांची इंटर्नशिप, एक प्रोजेक्ट, गावोगाव जाऊन साठ तासांचं समाजकार्य आणि पंच्याहत्तर टक्के हजेरी. ही झाली जुनी यादी. तिच्याखाली दोन हजार छत्तीस सालापासून लाल अक्षरात एक ओळ वाढली होती : अनिवार्य विषयांचं आकलन यंत्राद्वारे सिद्ध झालेलं असावं. वरच्या सगळ्या गोष्टी पोरांना जमत होत्या, निदान जमल्यासारख्या दाखवता येत होत्या. घाम फोडायची ती ही शेवटची ओळ.

एकोणचाळीस सालच्या मे महिन्यात ऑपरेटिंग सिस्टिम्स या विषयाच्या आकलन चाचणीत बासष्टपैकी एकसष्ट जण पास झाले. नापास झाली एकटी ईश्वरी वाघमोडे. प्राध्यापक वृषाली चौगुले यांनी निकाल दोनदा पाहिला, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा पाहिला. चोवीस वर्षं त्या हा विषय शिकवत होत्या. वर्गात मान वर करून शंका विचारणारी पोरं त्यांना बोटांवर मोजण्याइतकी भेटली होती आणि ईश्वरी त्यातली पहिल्या नंबरची. मागच्या बाकावर झोपा काढणारी चौकडी पास, आणि ही नापास! यंत्राचं डोकं फिरलं असावं, असं त्यांना वाटलं. वाटणारच. माणसाला आधी यंत्राचंच डोकं फिरल्यासारखं वाटतं.

या यंत्राची भानगड काय ते सांगायला हवं. आपला मेंदू समोर आलेलं नुसतं वाचत नाही. पुढे काय येणार याचा अंदाज तो आधीच बांधून बसलेला असतो. 'आईनं तव्यावर भाकरी' एवढं ऐकलं की 'भाजली' हा शब्द यायच्या आधीच त्याची जागा डोक्यात तयार असते. तिथे 'आईनं तव्यावर भाकरी शिवली' असं आलं, तर सेकंदाच्या चार-दशांश भागात, म्हणजे आपल्याला काही खटकलंय हे आपल्याला कळायच्याही आधी, कवटीखाली विजेची एक बारीक लाट उठते. डोक्याला तारांची टोपी घातली की ती पडद्यावर दिसते. शास्त्रज्ञांना ही गोष्ट गेल्या शतकापासून ठाऊक होती. नवं एवढंच झालं, की तीच लाट प्रोग्राम वाचतानाही पकडता येऊ लागली. चुकलेली ओळ समोर आली की ज्याला प्रोग्राम समजतो त्याचा मेंदू दचकतो, ज्याला समजत नाही त्याचा ढिम्म राहतो. यंत्राचं सरकारी नाव आकलनमापक. पोरं त्याला 'दचक' म्हणत. "दचक निघाली का रे?" असं एकमेकांना विचारत.

हे सगळं सुरू झालं ते कोळवाडीच्या धरणापायी. चौतीस सालच्या ऑगस्टमध्ये कोळवाडीची दारं चालवणारा प्रोग्राम भर पुरात जागच्या जागी थांबला. दारं उघडली नाहीत, पाणी भिंतीवरून गेलं आणि खालच्या सात वाड्या गेल्या. चौकशीत निघालं, की तो प्रोग्राम यंत्राने लिहिला होता, दुसऱ्या चार यंत्रांनी तपासून बरोबर ठरवला होता आणि एकाही माणसाने तो वाचलेला नव्हता. मग कायदा आला. माणसांच्या जिवाशी गाठ असलेल्या प्रत्येक प्रोग्रामवर यापुढे एका 'जबाबदार अभियंत्या'ची सही हवी, आणि त्या अभियंत्याला कळतंय की नाही हे ठरवताना यंत्राची साक्ष चालणार नाही, माणसाचीच हवी. म्हणून यंत्राने नुसतं मोजायचं, कसोटी माणसाची, असं ठरलं आणि प्रत्येक विषयाचे शिक्षक आधी टोपी घालून बसू लागले. आपल्या विभागाच्या जर्नलमधले प्रयोग, म्हणजे प्रात्यक्षिकाचे प्रोग्राम, वाचताना ते कुठे दचकले आणि कुठे शांत राहिले, याचा 'संदर्भपट' निघे. पोरांची दचक त्या पटाशी ताडून पाहायची. शिक्षक दचकले तिथे दचकलात तर बरोबर. शिक्षक शांत होते तिथे दचकलात, तर ती चुकीची दचक. पोरांनी पाठांतर करून फसवू नये म्हणून यंत्र प्रोग्राममधली नावं आणि आकडे दरवेळी बदलून देई. ओळींचा क्रम मात्र तसाच ठेवी.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ईश्वरी स्टाफरूममध्ये आली. आटपाडीकडची उंच, सडसडीत पोर. हातात निकालाचा कागद.

"मॅडम, आत येऊ?"

"ये ये, बस. मी पुन्हा तपासायला सांगणारच होते. काहीतरी घोळ आहे यात."

"घोळ यंत्राचा न्हाई, मॅडम." तिने कागद टेबलावर सरकवला. "सातवा प्रयोग. तीनदा दाखवला, तिन्ही वेळा मी एकाच ओळीला दचकले. तिसऱ्या. तिथं दचकायचं नव्हतं म्हणत्यात."

सातवा प्रयोग अनिवार्य होता. त्यात एकही चुकीची दचक चालत नसे.

"मग का दचकलीस?"

ईश्वरीने कागद पुन्हा स्वतःकडे ओढला. मग खाली बघत म्हणाली, "मॅडम, रागावू नका. ती ओळ चुकलीय."

मॅडम हसल्या. "अगं, चोवीस वर्षं मी हाच प्रयोग घेते."

"व्हय, मॅडम. पण बघा की. एक गोडाऊन आहे, त्याला एकच किल्ली. एक माणूस पोती आणून ठेवतोय, दुसरा पोती बाहेर नेतोय. किल्ली ज्याच्याकडं, तो आत. पोती ठेवणाऱ्यानं आधी काय बघायचं? आत जागा आहे का. जागा असली की मग किल्ली घ्यायची. आपल्या जर्नलमध्ये उलटं आहे. आधी किल्ली घेतोय, मग जागा बघतोय. गोडाऊन भरलेलं असलं तर किल्ली खिशात घालून आतच उभा राहणार, जागा व्हायची वाट बघत. आणि जागा करणारा बाहेर थांबणार, किल्लीची वाट बघत. दोघं कायमचे उभे."

"पण आपण चालवून बघतो दरवर्षी. उत्तर बरोबर येतं."

"चार पोत्यांनीच बघतोय, मॅडम. गोडाऊन भरतच न्हाई कधी."

मॅडमनी कपाटातून विभागाचं मूळ जर्नल काढलं, सातवा प्रयोग उघडला आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. मग पाठ्यपुस्तक काढून शेजारी ठेवलं. दोन ओळींची अदलाबदल झाली होती. पुस्तकात दुसरी ती जर्नलमध्ये तिसरी, तिसरी ती दुसरी. पहिल्या पानावरचं नाव बघायची त्यांना गरज नव्हती.

कारण ते जर्नल त्यांचंच होतं. त्या याच कॉलेजच्या. दोन हजार बाराच्या सबमिशनच्या आठवड्यात लेडीज हॉस्टेलच्या खोलीत चौघी जणी फाइलची पानं पसरून बसल्या होत्या. सबमिशन म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. सहा महिन्यांचे प्रयोग तीन दिवसांत लिहून काढायचे, तेही सीनियरच्या फाइलवरून. याला लिहिणं म्हणत नसत, 'छापणं' म्हणत. एकीने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी छापायचं. वाचणारीला मध्येच ठसका लागला, छापणाऱ्या वृषालीची एक ओळ सुटली. पुढची लिहून झाल्यावर लक्षात आलं, तर तिने ती सुटलेली ओळ खाली लिहून टाकली. दोन्ही आल्या ना, मग झालं तर! बाहेरून आलेल्या परीक्षकाने पान उलटलं, लाल टिक केली. तीन वर्षांनी वृषाली तिथेच लेक्चरर झाली, तेव्हा तिची फाइल सगळ्यांत स्वच्छ म्हणून विभागाची आदर्श फाइल ठरली. तेव्हापासून चोवीस बॅचेसनी ती छापली. आणि मॅडमनी चोवीस बॅचेसच्या त्या पानावर न वाचता लाल टिक केली.

"तुझं जर्नल कुठंय?" त्यांनी विचारलं.

"मी माझं माझं लिहिलेलं, मॅडम. पुस्तकावरनं. मी कधी छापलंच न्हाई."

मॅडम दुपारी प्रयोगशाळेत गेल्या आणि स्वतःचा तीन वर्षांपूर्वीचा संदर्भपट उघडला. सातवा प्रयोग, तिसरी ओळ. रेघ सरळ होती. या विषयातली ही अडवणूक, म्हणजे 'डेडलॉक', कशी होते, तिच्या चार अटी कोणत्या, हे त्या डोळे मिटून फळ्यावर लिहायच्या. दहा मार्कांचं हमखास येणारं उत्तर होतं ते. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्याच अक्षरात, ती अडवणूक घडत होती आणि त्यांच्या मेंदूला पत्ता नव्हता. त्यांना लाज वाटली. इतकी, की कुणी आत आलं तर काय, म्हणून त्यांनी उठून दार लावून घेतलं.

विभागप्रमुख डॉ. मगदूम यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला, कुणाचं वाईट न चिंतणारा माणूस. त्यांनी नियमावली काढून मॅडमच्या पुढ्यात ठेवली.

"कलम चौदा वाचा, मॅडम."

मॅडमनी वाचलं. संदर्भपट सदोष आढळल्यास त्या पटावर उत्तीर्ण झालेल्या सर्वांचं त्या विषयाचं आकलन रद्द समजण्यात येईल.

"यंदाचे एकसष्ट, आणि आधीच्या तीन बॅचेस," मगदूम म्हणाले. "सगळी मिळून दोनशे चाळीस पोरं. कुणी दवाखान्यात ऑक्सिजनच्या यंत्रणेवर आहे, कुणी रेल्वेच्या सिग्नलवर, कुणी धरणांवर. सगळ्यांच्या पदव्या जातील, नोकऱ्या जातील. लग्नं झालीत काहींची."

"सर, पण म्हणूनच सांगायला नको का? त्या सगळ्यांना ती चूक दिसत नाही. माझ्यासारखीच."

मगदूमांनी नियमावली मिटली. "तीन वर्षांत काही झालंय का कुठं?"

"अजून नाही."

"मग?"

मॅडमनी दुसरीच वाट धरली.

"नवा संदर्भपट घेता येणार नाही का?"

"जुना का रद्द केला, याचं कारण लिहावं लागतं. कारण लिहिलं की कलम चौदा." त्यांनी आवाज खाली आणला. "पोरीला फेरचाचणी आहे ना? तीन आठवड्यांनी. तिला सांगा, त्या ओळीला दचकू नको म्हणावं."

"सर, दचक काय ठरवून थांबवता येते?"

"ठरवून नाही," मगदूम म्हणाले. "सवयीनं येते."

ते खरंच होतं, आणि मगदूमांना ते माहीत होतं याचं मॅडमना आश्चर्य वाटलं. घराशेजारी पिठाची गिरणी असेल, तर चार दिवसांत तिचा आवाज ऐकू येईनासा होतो. मेंदूचं तसंच आहे. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली आणि तिच्यामुळे काही बिघडलं नाही, की मेंदू आपला अंदाज बदलतो आणि लाट उठायची थांबते. आठवण म्हणजे काही पेटीत ठेवलेला दागिना नव्हे. दरवेळी बाहेर काढली की ती थोडी नव्याने घडते. चूक बरोबर म्हणून शंभरदा घडवली तर एकशे एकाव्या वेळी ती बरोबर होऊनच बाहेर येते. पोरांच्या सरावासाठी प्रयोगशाळेत एक जुनी टोपी होतीच. रेघ पटाशी जुळली की तिचा हिरवा दिवा लागायचा.

त्या आठवड्यात मॅडमनी विद्यापीठाला पत्र लिहिलं. पहिलं पाच पानी झालं, तेव्हा फाडलं. दुसरं पाच ओळींचं झालं. चूक माझी आहे, पट सदोष आहे, कु. ईश्वरी वाघमोडे हिची दचक योग्य आहे. पाठवण्यापूर्वी त्यांनी ईश्वरीला बोलावलं. तिला विचारल्याशिवाय पाठवू नये, असं त्यांना वाटलं. खरं सांगायचं तर कुणीतरी आपल्याला थांबवावं, असंही वाटत होतं.

ईश्वरीने पत्र वाचलं.

"मग माझी पदवी कधी मिळंल?"

"चौकशी होईल. वर्ष, दोन वर्षं."

"कोळवाडीच्या धरणावर एक जुलैला नोकरीला हजर व्हायचंय, मॅडम. पदवीचा कागद घेऊन. न्हाई गेले तर दुसऱ्याला बोलावणार."

कोळवाडीच का, हे मॅडमनी विचारलं नाही. त्यांना ठाऊक होतं. गेलेल्या सात वाड्यांतली एक ईश्वरीच्या आजोळची होती. सुट्टीला गेलेली तिची धाकटी बहीण, गार्गी, त्या दिवशी तिथे होती. नऊ वर्षांची. चौकशीचा अहवाल ईश्वरीने बारावीत असताना वाचला होता, समजेपर्यंत पुन्हा पुन्हा वाचला होता. दारं का थांबली, ते त्यात होतं. पाणी मोजणारा भाग आणि दार उघडणारा भाग एकमेकांची वाट बघत उभे राहिले होते. तेव्हाच तिने ठरवलं होतं, की त्या दारांच्या प्रोग्रामवर सही करणारं माणूस आपण व्हायचं. त्यासाठी ती इंजिनिअरिंगला आली होती.

"दुसऱ्या धरणावर मिळेल की कधीतरी," मॅडम म्हणाल्या.

"मला तिथंच जायचंय. मी न्हाई गेले तर कोण जाणार ठाऊक हाय का? आपल्याच वर्गातलं कुणीतरी. छापलेलं." ती पत्राकडे बघत राहिली. "हे पाठवलं तर माझंबी जातंय, सगळ्यांचंबी जातंय. न्हाई पाठवलं तर माझं एकटीचं जातंय. त्यापेक्षा तुमचं जर्नल द्या, मॅडम. मी छापते."

"काय?"

"मला सवय करू द्या. तीन आठवडे हायेत. एकदा पदवी हातात आली की मी पुन्हा नीट शिकीन की. मला काय येत न्हाई व्हय ते?"

मॅडमनी नाही म्हणायला हवं होतं. डोकं ठिकाणावर असतं तर म्हणाल्याही असत्या. पण त्यांच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते हेच, की आता पत्र पाठवायला नको. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं आणि मागोमाग स्वतःचीच किळस आली. त्यांनी दोन्ही गिळलं आणि जर्नल कपाटातून काढून दिलं.

काम रोज सकाळी दहाला सुरू व्हायचं. ईश्वरी टोपी घालून, कोरी पानं पुढे घेऊन बसायची. मॅडम वाचायच्या, ती छापायची. वाचणारं कुणी असलं की हात लवकर चालतो, हा अनुभव होता दोघींपैकी एकीला. "दुसरी ओळ, किल्ली घ्या. तिसरी ओळ, जागा आहे का बघा." पहिल्या दिवशी दरवेळी लाट उठली. तिसऱ्या ओळीला ईश्वरीची बोटं पेनावर घट्ट व्हायची. चौथ्या दिवशी तिचं डोकं इतकं दुखायला लागलं की ती बाहेर जाऊन ओकली, तोंड धुऊन आली आणि म्हणाली, "वाचा, मॅडम."

"आज राहू दे."

"वाचा की."

नवव्या दिवशी हिरवा दिवा पहिल्यांदा लागला. दोघींनी तिकडे पाहिलं आणि मॅडमनी पुढची ओळ वाचली. बाराव्या दिवशी तो दहातल्या सहा वेळा लागत होता. ईश्वरीची डोकेदुखी थांबली. डबा उघडताना ती पुन्हा गप्पा मारायला लागली. सोळाव्या दिवशी मॅडमकडून वाचताना चूक झाली. चूक कसली, दोन ओळी पुस्तकातल्यासारख्या, बरोबर क्रमाने तोंडातून गेल्या. ईश्वरीचं पेन थांबलं आणि पडद्यावर उंच लाट उठली.

"मॅडम, चुकलं तुमचं," ती हसून म्हणाली. "आधी किल्ली."

मॅडमनी त्या दोन ओळी पुन्हा, उलट्या क्रमाने वाचल्या. गंमत अशी, की इकडे त्यांचं उलटं झालं होतं. इतकी वर्षं जी ओळ डोळ्यांखालून सहज जायची, ती आता प्रत्येक वाचनाला त्यांना टोचत होती. तिसऱ्या ओळीपाशी आल्या की त्यांचा आवाज अडखळायचा. समजायचं ते त्यांना आता समजलं होतं, सत्तेचाळिसाव्या वर्षी, आणि त्या ते समोरच्या पोरीच्या डोक्यातून रोज दहा ते पाच पुसून काढत होत्या. त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी पत्र पुन्हा उघडलं. आज थांबवलं तर पोर अजून सावरेल, असं मनाशी म्हणाल्या. मग वाटलं, पाचच दिवस राहिलेत. एवढे दिवस तिने सोसलं ते फुकट जाईल. पत्र होतं तिथेच राहिलं.

फेरचाचणी जूनच्या चोवीस तारखेला झाली. विद्यापीठाचा निरीक्षक बाहेरच्या खोलीत चहा पीत बसला होता. पडद्यापाशी मॅडमच होत्या. सातवा प्रयोग तीनदा आला, दरवेळी नवी नावं लेवून. पहिली ओळ. दुसरी ओळ. तिसऱ्या ओळीला मॅडमचा स्वतःचा श्वास अडकला आणि पडद्यावरची ईश्वरीची रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेली. तिन्ही वेळा. यंत्राने शेवटची चार क्रेडिट जमा केली. एकशे साठपैकी एकशे साठ.

निरीक्षक उठून मगदूम सरांच्या केबिनमध्ये गेला आणि प्रयोगशाळेत दोघीच राहिल्या. टेबलावर पदवीपूर्तीचा फॉर्म होता. वरचे सगळे रकाने भरलेले होते. तळाला विषयशिक्षकाची सही तेवढी बाकी होती, आणि सहीच्या वर छापलेलं होतं : सदर विद्यार्थिनीस या विषयाचं आकलन आहे, असं मी माझ्या माहितीप्रमाणे प्रमाणित करते.

मॅडमनी पेन उघडलं आणि पुन्हा बंद केलं. उठून फळ्यापाशी गेल्या.

"सही करते. त्याआधी एवढं बघून घे." त्यांनी भराभर दहा-बारा ओळी लिहिल्या. जर्नलमधल्या नव्हत्या. धरणाचं दार उघडणारा एक भाग, पाणी मोजणारा दुसरा भाग, आणि दोघांत मिळून एकच कुलूप. दोन ओळी त्यांनी मुद्दाम उलट्या घातल्या. "तुझ्या कोळवाडीचं समज. यावर सही करशील?"

ईश्वरीने वाचलं. घाई केली नाही, एकेक ओळ बोटाने धरून नीट वाचलं. ती काही उडवाउडवी करणारी पोर नव्हती.

"करीन की. बरोबर आहे."

"पुन्हा बघ."

तिने पुन्हा पाहिलं. "बरोबरच आहे, मॅडम."

"ती गोडाऊनची गोष्ट सांगितलेलीस मला. आठवते?"

"आठवती की! एक गोडाऊन, त्याला एकच किल्ली. आधी जागा बघायची, मग किल्ली घ्यायची. न्हाईतर दोघं कायमचे उभे." तिने ती न अडखळता, सबंध सांगितली. परीक्षेत सांगितली असती तर दहापैकी दहा मिळाले असते.

"मग हे?" मॅडमनी खडू त्या ओळीखाली टेकवला. "ईश्वरी, इथं बघ. इथं आधी कुलूप लावलंय, मग विचारतोय. ही ओळ वर हवी होती गं. पाणी वाढलं की इथंच थांबणार हे."

ईश्वरी फळ्याकडे बघत राहिली. भुवया जवळ आल्या, ओठ हलले. एवढ्यात कुठेतरी काहीतरी खटकेल, ती "अगं बाई!" म्हणेल, मग फॉर्म फाडू, पत्र पाठवू, काय व्हायचं ते होऊ दे, असं मॅडमनी त्या दोन क्षणांत अगदी खरोखर ठरवलं होतं.

पण पोरीचा चेहरा मोकळा झाला. ती समजुतीने हसली, मोठ्या माणसाची चूक दाखवताना चांगली पोरं हसतात तशी.

"आधी मलाबी तसंच वाटायचं, मॅडम," ती म्हणाली. "पण तसं न्हाई ते. तुम्हीच तर बसून करून घेतलं. तुम्ही नसता तर मी त्या एका ओळीतच अडकून पडले असते."

ती वाकून पाया पडली. सोमवारी निघायचं होतं, आईने डबे करायला घेतले होते, पहिल्या दिवसापासून दारांचंच काम देणार होते. हे सगळं तिने एका दमात सांगितलं आणि फॉर्म मॅडमच्या पुढे सरकवला.

"एवढी सही करा, मॅडम. साडेचारची एसटी आहे."

मॅडमनी सही केली.